धावदोरा

शाळा सुटण्याची वेळ झाली की उमरखेडच्या एका जुन्या घराच्या ओसरीवर बाई वाट पाहत बसतात. ही वाट कुणा पाहुण्याची नसते. शेजारची पाचवीतली मुलगी दप्तर पाठीवर तसेच ठेवून आत येते, ओसरीच्या कडेला टेकते आणि पत्र्याच्या डबीतल्या दहा सुया एकामागून एक ओवून देते. ओवलेल्या सुया एका जुन्या उशीला ओळीने टोचून ठेवल्या जातात. मजुरी ठरलेली आहे, गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू. बाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. टाका घालायला त्यांना अजून अडचण येत नाही, कारण टाका बोटांना दिसतो. सुईचे नेढे मात्र डोळ्यांनाच शोधावे लागते. म्हणून दहा सुया संपल्या की त्या दिवसाचे काम संपले, असा त्यांनी स्वतःला नियम घालून घेतला आहे.

बाई आता सहासष्ट वर्षांच्या आहेत. प्राथमिक शाळेत त्यांची हयात गेली, म्हणून गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. लहानथोर सगळे ‘बाई’च म्हणतात. यजमानांना जाऊन चार वर्षे झाली. मोठी मुलगी नागपूरला, धाकटा मुलगा पुण्याला. पुण्याहून दर रविवारी फोन येतो आणि बोलणे शेवटी एकाच वळणावर येऊन थांबते : “आई, एवढ्या मोठ्या घरात एकटी किती दिवस राहणार? घराला गिऱ्हाईक आहे तोवर निर्णय घेऊन टाकू.” बाई ‘बघू’ म्हणतात. त्या ‘बघू’चा अर्थ मुलालाही कळत नसे आणि खरे सांगायचे तर बाईंनाही कळत नसे. यजमान गेल्यापासून घरातल्या वस्तूंकडे पाहणेच त्यांनी सोडून दिले होते. दिवस उगवत होता आणि मावळत होता, इतकेच.

या चैत्रात रविवारच्या फोनवर निराळी बातमी आली. लग्नाला आठ वर्षे झाल्यावर धाकट्या सुनेकडे गोड बातमी होती. दिवस दिवाळीच्या पुढचे होते. फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ तशाच बसून राहिल्या आणि मग उठून माजघरातली लोखंडी पेटी ओढली. तिच्या तळाशी काय आहे, हे त्यांना ठाऊक होते. अकरा वर्षे त्यांनी ते मुद्दाम वर काढले नव्हते.

पेटीच्या तळाशी एक अर्धवट दुपटे होते.

या घरात चार पिढ्यांची एक रीत आहे. जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा नव्या कापडात घ्यायचे नाही. नवे कापड खळीने ताठ असते, कोवळ्या अंगाला बोचते. शंभर वेळा धुऊन मऊ झालेले जुने लुगडे, जुने धोतर यांचे थर एकावर एक घालून दुपटे शिवायचे आणि बाळाला त्यातच उचलायचे. सासूबाई हे काम करीत. नातवंडांची पाच दुपटी त्यांच्या हातची. सहावे त्यांनी ‘पुढच्यासाठी’ म्हणून घेतले होते. दोन तृतीयांश झाले आणि त्या गेल्या. त्यांनी घातलेला शेवटचा टाका, पुढे लोंबणारा दोरा आणि त्याला अडकलेली सुई, सगळे जसेच्या तसे होते. सुई मात्र गंजली होती, आणि तिने पांढऱ्या धोतराच्या पोतावर बोराएवढा तांबूस डाग सोडला होता.

आपल्याकडे ज्याला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तिची विद्या कुठल्या शाळेत शिकवली जात नाही. जुनी वस्त्रे उकळत्या पाण्यात धुवायची, कडक उन्हात वाळवायची. शिवणी उसवायच्या, काठ वेगळे काढायचे. काठाचे सूत मजबूत असते, ते पुढे कडेच्या पट्टीला उपयोगी पडते. मग सारवलेल्या किंवा फरशीच्या सपाट जमिनीवर खालचे अस्तर पसरायचे आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. मधल्या थरांत चिंध्या, पण त्याही अशा मांडायच्या की कुठे उंचवटा राहू नये. वरून चांगले कापड. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरायला लावायचे आणि नंतर कडेपासून धावदोरा सुरू करायचा. चौकोनाच्या आत चौकोन, त्याच्या आत आणखी चौकोन, असे फिरत फिरत मध्यापर्यंत पोचायचे. शिवणाराला गोधडीभोवती फिरावे लागते किंवा गोधडीला आपल्याभोवती फिरवावे लागते. धावदोरा हा शिवणकामातला सर्वांत साधा टाका. लहान मुलगी पहिल्या दिवशी शिकते तो हाच. त्याच्याहून सोपे काही नाही आणि तो आयुष्यभर सारखा, एका मापाचा घालीत राहण्याइतके अवघडही काही नाही.

बाईंनाही तो याच घरात नीट आला. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाती पाणी गाळण्याच्या फडक्याचे कापड दिले होते. दुपदरी करून कडेने शिवायचे एवढेच काम. बाईंनी ते झटपट उरकले. सासूबाईंनी फडके उजेडाकडे धरले, काही न बोलता पूर्ण उसवले आणि पुन्हा हातात दिले. “ज्या फटीतून सुई जाते तिच्यातून जीवही जातो, बाई,” एवढेच त्या म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला फडके पास झाले. पुढे चाळीस वर्षे शाळेत मुलांच्या वह्या तपासताना, चुकलेले अक्षर न रागावता पुन्हा गिरवायला लावताना, बाईंना ते उसवलेले फडके आठवत असे.

जुन्या वस्त्राला दुसरा जन्म देण्याची ही रीत केवळ वऱ्हाडातली किंवा महाराष्ट्रातली नाही. कर्नाटकात तिला कौदी म्हणतात. बंगालमधल्या कांथ्यावर धावदोऱ्यानेच मासे, कमळे आणि कथा उमटतात. बिहारमध्ये तिचे नाव सुजनी आहे. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजातील स्त्रिया आपल्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ बसवतात. फार दूर जपानमध्ये विरलेले कापड जपण्यासाठी शेतकऱ्यांच्या घरी घातला जाणारा ‘साशिको’ हाही मुळात आपला धावदोराच. जिथे जिथे कापूस महाग आणि थंडी खरी होती, तिथे तिथे बायकांना हीच युक्ती सुचली. यवतमाळ जिल्हा तर कापसाचा. 1877 च्या 1 जानेवारीला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती याच मुलुखातल्या कापसाच्या भरवशावर. शेतातून बोंड जायचे आणि बाजारातून कापड होऊन परत यायचे. ते कापड अंगावर विरायचे आणि अखेर अंथरुणात येऊन विसावायचे. बाईंच्या समोरच्या दुपट्यात आजेसासूबाईंचे जांभळे लुगडे होते, सासऱ्यांचे पूजेचे धोतर होते, नणंदेच्या लहानपणच्या परकराचा एक हिरवा तुकडा होता. घरातली कितीतरी माणसे त्या हातभर चौकोनात दाटीवाटीने बसली होती.

बाईंनी गंजलेली सुई हलकेच काढून ठेवली आणि सासूबाईंच्या शेवटच्या टाक्यापुढे आपला पहिला टाका घातला. दोन हातांतला फरक लगेच दिसला. सासूबाईंचे टाके तांदळाच्या कणीएवढे, बाईंचे गव्हाएवढे. उसवून पुन्हा घातले, तरी गव्हाएवढेच. मग त्यांनी उसवणे सोडले. एवढ्या वर्षांनी प्रथमच त्यांना वाटले की सासूबाईंनीही हे चालवून घेतले असते.

शिवायला उजेड हवा, म्हणून बाई ओसरीवर बसू लागल्या, आणि ओसरीवर बसल्या म्हणून चार वर्षे बंद झालेले गाव त्यांना पुन्हा दिसू लागले. चैत्र म्हणजे या भागात हळदीचे दिवस. काढलेली हळद उकडली जात होती आणि वाऱ्याची दिशा बदलली की तिचा मातकट, ऊबदार वास गल्लीत शिरत होता. अंगणांतून, गच्च्यांवरून पिवळ्या कुड्यांची वाळवणे पडली होती. बिटरगावकडच्या जंगलातून येणारे लोक पळस फुलून गेल्याची बातमी सांगत. समोरच्या लिंबाला मोहोर आला होता आणि त्याची बारीक पांढरी फुले दुपट्यावर पडत. पहिल्या दिवशी बाईंनी ती झटकली. दुसऱ्या दिवशी राहू दिली. पोफाळीच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या हिवाळाभर याच रस्त्याने जात असणार, त्यांच्यामागे ऊस ओढायला पोरे धावत असणार. या हिवाळ्यात आपण त्यांतले काहीच कसे पाहिले नाही, याचे बाईंना नवल वाटले. संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी जेवण उरकले की पुढचा संधिप्रकाश मोकळा असे. दूध घालणारा, भाजीची पाटी उतरवणारी, क्लासहून परतणाऱ्या मुलींची सायकलरांग. कुणीतरी “बाई, काय शिवता?” म्हणून थांबे. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कधीतरी बाईंच्या हातचा मार खाल्लेला होता. दुपट्याचे नाव काढले की ती मोठी झालेली मुले गालात हसत आणि पेढ्यांचे आगाऊ आरक्षण करून जात.

आनंद असा समारंभाने येत नाही. तो कामाच्या आडून येतो. ज्याने त्याच्यासाठी पाट मांडला त्याच्याकडे तो फिरकत नाही. सुईच्या टोकाकडे पाहणाऱ्याच्या शेजारी मात्र येऊन बसतो. बाईंच्या बाबतीत एवढे झाले, पण एक गाठ उरली होती.

बाईंची एक मैत्रीण आहे. उमरखेडच्याच शाळेत दोघी एका बाकावर बसल्या. सहल म्हणून पैनगंगेवरचा सहस्रकुंडचा धबधबा दोघींनी प्रथम एकमेकींचा हात धरून पाहिला. मैत्रिणीच्या आईच्या हातची ताकातली आंबाडीची भाजी आणि भाकरी खाऊन बाई मोठ्या झाल्या. हिला चालणारे आणि न चालणारे पदार्थ त्या माउलीने कधी चुकवले नाहीत. हिच्यासाठी कांद्याविना फोडणी वेगळी पडे. मैत्रीण लग्न होऊन हदगावला गेली. म्हणजे नदीपलीकडे. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरातून निघते आणि विदर्भ-मराठवाड्याची सीव आखीत पुढे वर्धा नदीला मिळते. उमरखेड तिच्या अलीकडे, हदगाव पलीकडे. मधे मार्लेगावचा पूल. एस.टी.ने तासाभराची वाट नाही. चाळीस वर्षे दोघींची ये-जा त्या पुलावरून अखंड चालू होती.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात यजमान गेले, तेव्हा पावसाने थैमान घातले होते. वर इसापूर धरण भरले की खाली नदी फुगते. पुलावरून पाणी गेल्यामुळे रस्ता बंद होता. मैत्रीण आली नाही. बाईंना ते समजत होते. पूर ओसरला, रस्ता खुला झाला, तिसरा दिवस गेला, दहावा गेला, तेरावा गेला. मैत्रीण आली नाही. फोनही नाही. बाईंनी मनातल्या मनात एक दार लावून घेतले. पुढे सहा महिन्यांनी मैत्रिणीचा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. दुसराही उचलला नाही. तिसरा आलाच नाही.

पावसाळा लागला आणि दुपट्याचे काम थांबले. ढगाळ उजेडात टाका दिसेना, दमट हवेत कापडाला कुबट वास येऊ लागला. बाईंनी ते घडी घालून कपाटात ठेवले. भाद्रपद आला. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस उपासात, स्वाध्यायात गेले. अनंत चतुर्दशी झाली, आणि पाठोपाठ क्षमावणीचा दिवस उजाडला. दरवर्षीप्रमाणे बाई फोन घेऊन बसल्या. व्याही, भाचे, दीर, जुने सहकारी. “वर्षभरात कळत नकळत दुखावले असेल तर क्षमा असावी.” वाक्य पाठ झाले होते. वीस-बावीस फोन झाले. कुणाकुणाची क्षमा मागितली ते आठवताना बाईंच्या लक्षात आले की ज्यांना आपण कधीच दुखावले नाही, त्यांचीच आपण क्षमा मागत आलो आहोत. ज्या एका माणसाला चार वर्षे जाणूनबुजून दाराबाहेर उभे ठेवले, त्याचे नाव यादीत नव्हते. ‘तिने आधी मागावी’ हे उत्तर मनात तयार होते. पण त्या दिवशी ते उत्तर स्वतःलाच ऐकवायला बाईंना लाज वाटली.

फोन करावा, तर तिकडून तो उचलला गेला नाही तर? बाईंनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुपटे पिशवीत घातले, सुयांची डबी घातली आणि हदगावची एस.टी. धरली. 2023 पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. “कुठे, बाई?” म्हणून वाहकाने विचारले, तोही जुना विद्यार्थी निघाला. मार्लेगावच्या पुलावर बाईंनी खिडकीची काच सरकवली. नदी दोन्ही काठ भरून, गढूळ, शांत वाहत होती. याच पाण्यावर आपण चार वर्षे सगळा दोष ढकलून मोकळ्या झालो होतो, असे त्यांना वाटले. पूल तर दोन दिवसांतच खुला झाला होता.

मैत्रिणीने दार उघडले. दोघी क्षणभर उभ्याच राहिल्या. मग मैत्रीण म्हणाली, “आली का वं तू?” आणि आत वळून पाणी आणायला गेली. ते गाळलेले होते. एवढ्या वर्षांतही तिच्या घरी बाईंसाठी वेगळा तांब्या होता.

बाईंनी जे ठरवून आणले होते ते बोलून टाकले. मैत्रीण बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने सांगितले ते असे : पहिले दोन दिवस पूर होता. तिसऱ्या दिवशी घरात ताप होता. पाचव्या दिवशी निघणार होते, पण वाटले, आता एवढ्या उशिरा कोणत्या तोंडाने जाऊ. दहाव्या दिवशी ते तोंड आणखी लहान झाले. तेराव्याला तर दार लावून रडत बसले. “कारण काहीच नव्हतं बघ. एकेक दिवस चढत गेला, एवढंच.”

बाईंनी मोठे कारण ऐकण्याची तयारी करून ठेवली होती. आजार, संकट, कुणी केलेली चहाडी. असे काहीच निघाले नाही. आणि गंमत म्हणजे, त्यामुळेच त्यांना ते पूर्ण समजले. त्यांनीही फोन न उचलण्याला दुसरे काय कारण होते? एकेक दिवस चढत गेला, एवढेच.

दुपारी मैत्रिणीने दुपटे जमिनीवर पसरले. तिचे डोळे अजून चांगले आहेत. तिने सुया भराभर ओवल्या. दोघी समोरासमोर बसल्या आणि दोन बाजूंनी शिवू लागल्या. गंजाचा डाग दिसताच मैत्रीण उठली, आतून एक गाठोडे घेऊन आली आणि त्यातून निळ्या लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा कापून दिला. ते तिच्या आईचे लुगडे होते. ज्या पदराला हात पुसून बाई लहानपणी पानावरून उठत, तोच पदर. तुकडा डागावर बसला. त्याच्या चारही कडा मैत्रिणीने आत मुडपून इतक्या बारीक टाक्यांनी शिवल्या की बाईंना सासूबाईंची आठवण झाली. “तुझ्या सासूनंच शिकवलं मला. तुझं लग्न झाल्यावर मी यायची तेव्हा. तू शाळेत जायचीस,” मैत्रीण म्हणाली. ही गोष्ट बाईंना ठाऊकच नव्हती.

त्यानंतर आश्विनातले चार गुरुवार मैत्रीण उमरखेडला आली. कापसाची पहिली वेचणी सुरू झाली होती, ऊन पुन्हा स्वच्छ पडू लागले होते. शेजारच्या मुलीला आता वीस सुया ओवाव्या लागत आणि लाडूही दोन मिळत. धावदोरा चौकोनांतून फिरत अखेर मध्याशी पोचला, तेव्हा त्या दुपट्यावर तीन हातांचे टाके होते. तांदळाच्या कणीचे, गव्हाच्या दाण्याचे आणि पुन्हा तांदळाच्या कणीचे. कुणी पाहणाराने ते ओळखले नसते. बाळाला तर त्यातला कुठलाच फरक बोचणार नव्हता.

दिवाळी झाली आणि बाई पुण्याला निघाल्या. मुलाला त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितले, “तीन महिने राहीन. बाळाचे सगळे हाताने करीन. पण होळीच्या आत परत येईन. हळद निघायच्या आत.” मुलाने घराच्या गिऱ्हाइकाचे काय म्हणून विचारले. बाईंनी या वेळी ‘बघू’ म्हटले नाही. “घरात अजून दोन पेट्या जुने कापड आहे,” एवढेच म्हणाल्या. तिकडे गेल्यावर डोळ्याची शस्त्रक्रियाही उरकून घ्यायचे ठरले. घराची किल्ली हदगावला ठेवायची की शेजारी, यावर मैत्रीण आणि शेजारीण यांच्यात थोडी ओढाताण झाली. ती हदगावला गेली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारची मुलगी नेहमीच्या वेळी आली. बाई म्हणाल्या, “आज काम नाही गं. दुपटं झालं.” मुलीने ते ऐकले न ऐकलेसे केले. डबी उघडली, ओसरीच्या कडेला बसली आणि दहाच्या दहा सुया ओवून उशीला ओळीने टोचल्या. मग लाडवासाठी हात पुढे केला.

ती उशी बाईंनी दुपट्याच्या घडीत ठेवून पिशवी बांधली.